न छापलेली बातमी कशी वाचायची

वीस वर्षं मी रात्रपाळीला डेस्कवर होते. उपसंपादकाचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या बातम्या कापायच्या, मथळे द्यायचे, पानं लावायची. त्यामुळे आजही पेपर हातात घेतला की काय छापलंय याआधी काय गळलंय हेच मला दिसतं. ही नजर कुणालाही कमावता येते. एक वही आणि महिनाभराची चिकाटी एवढंच भांडवल लागतं.

आधी एक रात्र सांगते. कारखान्याच्या सांडपाण्यावरची बातमी पान एकवर लागली होती. वार्ताहराने पाण्याचा तपासणी अहवाल मिळवला होता, कंपनीचं म्हणणंही घेतलं होतं. अकराच्या सुमारास जाहिरात विभागातून फोन आला. "छापू नका" असं कुणी म्हणालं नाही. "आज जागा नाही, उद्या बघू," एवढंच. त्या जागी मी तीन कॉलमी पावसाचा फोटो लावला. तो उद्या काही उगवला नाही. पुढे त्या वार्ताहराने असल्या बातम्या आणणंच सोडलं. त्याला कुणी बजावलं नव्हतं, त्याला आपोआप कळलं होतं. मीही पाऊस लावून घरी गेले, हे लपवण्यात अर्थ नाही.

२८ जून १९७५ रोजी, आणीबाणीच्या सेन्सॉरशिपमध्ये, 'इंडियन एक्सप्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. इतकी प्रामाणिक पोकळी क्वचितच वाट्याला येते. एरवी ती पावसाने भरलेली असते.

तर वही काढा. सगळा पेपर तपासायला जाऊ नका, चार दिवसांत कंटाळाल. पाणी, दवाखाने, शाळा, रस्ते यांपैकी एकच विषय धरा. त्यावरच्या प्रत्येक बातमीत कोण बोललंय ते लिहा. अधिकारी म्हणाले, मंत्री म्हणाले, प्रवक्ते म्हणाले, आणि ज्याच्या नळाला पाणी नाही तो? महिनाभर तो एकदाही बोलला नसेल, तर तुम्ही बातमी नाही, सरकारने पाठवलेली प्रेसनोट वाचताय.

मग 'चौकशीचे आदेश' हे शब्द शोधा. माझ्या मते ही सगळ्यात उपयोगी खूण आहे. असा मथळा दिसला की तारीख टाका आणि समोरचं पान कोरं ठेवा. चौकशी कुणी केली, अहवाल आला का, कारवाई कुणावर झाली, हे जसजसं छापून येईल तसतसं तिथे उतरवा. बातमी दाबण्याचा सगळ्यात सभ्य मार्ग म्हणजे ती एकदा ठळक छापायची आणि फॉलोअप करायचाच नाही. महिन्याअखेरीस अशी किती पानं कोरी राहिली ते मोजा.

बातमीचा आकारही बघा. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. दोन दिवसांनी स्वीडनमधल्या एका अणुऊर्जा केंद्रात किरणोत्सर्ग आढळला. त्याच संध्याकाळी सोव्हिएत टीव्हीवर त्रोटक निवेदन वाचलं गेलं, जेमतेम काही वाक्यांचं. १ मे रोजी चेर्नोबिलजवळच्या कीव्ह शहरात संचलन तरीही झालं, मुलंबाळंही रस्त्यावर होती. बातमी 'दिली' होती, असं कुणीही म्हणू शकेल.

नावं कुठे पुसट होतात तिकडे लक्ष द्या. चोराचं नाव, वय, पत्ता सगळं छापलेलं, आणि मोठ्या घोटाळ्यात मात्र 'एका खासगी कंपनीने'. याचं कारण कधी जाहिरात असते, कधी वकिलाची नोटीस. माल्टाच्या पत्रकार डॅफ्नी कारुआना गॅलिझिया यांची २०१७ मध्ये गाडीत बॉम्ब ठेवून हत्या झाली, तेव्हा त्यांच्यावर बदनामीचे चाळीसहून अधिक खटले चालू होते. खटला जिंकायचा नसतोच मुळी; लिहिणाऱ्याचा वेळ आणि पैसा संपवायचा असतो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये अशा खटल्यांविरुद्ध नियम केले, ते डॅफ्नी यांच्याच नावाने ओळखले जातात.

एवढा खटाटोप कशाला, असं माझी बहीण विचारते. तिला मी चीनचा १९५८ ते १९६१चा दुष्काळ सांगते. कोट्यवधी माणसं मेली. खालचे अधिकारी पिकाचे फुगवलेले आकडे वर पाठवत होते आणि ते खोटे ठरवणारं एकही वृत्तपत्र नव्हतं. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलंय की प्रत्यक्षात होतं त्यापेक्षा दहा कोटी टन जास्त धान्य आपल्याकडे आहे, अशी चीन सरकारचीच समजूत झाली होती. बातमी दाबली की ती दाबणाऱ्यालाही मिळत नाही.

आता एक सावधगिरी, कारण डेस्कची बाजूही मला ठाऊक आहे. न आलेली प्रत्येक बातमी दाबलेली नसते. कागद कच्चे असतात, दुसरी बाजू मिळालेली नसते, कधी खरोखरच जागा नसते. म्हणून वेगळ्या मालकाचा दुसरा पेपरही चाळा. तिथेही नसेल तर घाईने निष्कर्ष काढू नका. चूक झाली की दुरुस्ती छापणाऱ्या पेपरला मी दोन गुण जास्त देते.

आणि मग संपादकांना पत्र लिहा. 'तुम्ही विकले गेलात' असलं नको. ती पत्रं आम्ही हसून बाजूला टाकायचो. तीन ओळी पुरतात: अमुक तारीख, अमुक पान, हा मथळा, पुढे काय झालं? अशी पत्रं मी गुपचूप वार्ताहराच्या टेबलावर ठेवायचे. तो ती घेऊन संपादकांच्या केबिनमध्ये जायचा आणि म्हणायचा, "मी नाही, वाचक विचारताहेत."