शहर वसवणारा गेम तासाला कसा घ्यावा

नागरिकशास्त्राला गेम हवा म्हणून नवाकोरा, महागडा गेम शोधत बसू नका. मी मायक्रोपोलिस घेते. १९८९च्या सिमसिटी या शहर वसवण्याच्या गेमचा कोड २००८ साली खुला झाला, त्यातून आलेला हा गेम. फुकट आहे आणि जुन्या संगणकावरही चालतो.

एका संगणकावर दोघं बसवा. एकाकडे माउस, दुसऱ्याकडे वही, मग अदलाबदल. एकटं मूल गुपचूप खेळत राहतं, दोघं असली की वाद घालतात आणि आपल्याला तोच वाद ऐकायचा असतो. पातळी सोपी ठेवा, तिजोरीत २०,००० मिळतात. आपत्त्या आधीच बंद करा, नाहीतर शहरावर चालून येणाऱ्या राक्षसाचीच तासभर चर्चा!

वीजकेंद्र, रस्ते, वस्ती, कारखाने एवढं झालं की गेम थांबवा. आता कर शून्यावर आणायला सांगा, पण त्याआधी पुढे काय होईल ते वहीत लिहून घ्या. लिहून घेतलं नाही तर नंतर सगळेच म्हणतात, ‘मला माहीतच होतं.’ तिजोरी आटते, रस्ते उखडतात, अग्निशमनाला पैसे उरत नाहीत. मग कर २० टक्के करून बघा, लोक शहर सोडू लागतात.

सगळ्यात जास्त वेळ ठेवायचा तो गेमच्या चुका काढायला. इथे पाण्याचे पाइप टाकावे लागत नाहीत, शाळा बांधता येत नाही. ते ‘सिमसिटी २०००’ या पुढच्या गेममध्ये आलं. पोलीस ठाणी वाढवली की गुन्हे घटतात, रस्ते काढून रूळ टाकले की वाहतूककोंडी गायब. हे नियम कोणी ठरवले? खऱ्या शहरात काय होईल? मुलं इथे जे बोलतात त्यावर मी गुण देते. लोकसंख्या किती झाली त्यावर अजिबात नाही.

हीच पद्धत शाळेबाहेरही चालते. यूएन-हॅबिटॅट ही शहरं-वस्त्यांसाठी काम करणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था आणि माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधकाम करायच्या गेमवाले २०१२पासून ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ उपक्रमात रहिवाशांकडूनच मैदानं, चौक यांचे आराखडे माइनक्राफ्टमध्ये करून घेतात. तुम्हाला करायचं असेल तर आधी जागा टेपने मोजा. एक ठोकळा म्हणजे एक मीटर, त्यामुळे हिशेब सोपा. गेम येणाऱ्या मुलाशेजारी ती जागा रोज वापरणारं वडीलधारं माणूस बसवा. आणि शेवटच्या सादरीकरणाला खर्च मंजूर करणारा अधिकारी येणार नसेल, तर तारीख पुढे ढकला.