सिनेटच्या सुरुवातीच्या मतचाचण्या वाचताना या चुका टाळा

अमेरिकेत सिनेटचं, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाचं, मतदान नोव्हेंबरात होतं, पण मतचाचण्यांचे आकडे वर्षभर आधीच यायला लागतात. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ तेव्हापासून स्क्रीनशॉट पाठवतो, "बघ, आपला माणूस तीनने पुढे!"

2020 मध्ये त्याचे बहुतेक स्क्रीनशॉट मेन राज्यातल्या लढतीचे होते. एका बाजूला 1997 पासून सिनेटर असलेल्या रिपब्लिकन सुझन कॉलिन्स, दुसऱ्या बाजूला डेमोक्रॅटिक पक्षाच्या सारा गिडियन. गिडियन मेनच्या प्रतिनिधीगृहाच्या सभापती होत्या आणि त्यांचे वडील मूळचे भारतातले, म्हणून तिकडच्या आपल्या मंडळींचंही या लढतीवर बारीक लक्ष होतं. उन्हाळ्यापासून जवळपास प्रत्येक जाहीर चाचणीत गिडियन पुढे होत्या. सप्टेंबरात क्विनिपिॲक विद्यापीठाच्या चाचणीने तर 54 विरुद्ध 42 असा आकडा दिला. प्रत्यक्षात कॉलिन्सना 51 टक्के मतं मिळाली आणि गिडियनना 42.4. त्या निकालानंतर मी चाचण्या वाचायची सगळी पद्धतच बदलली.

आधी एक छोटा गोंधळ दूर करू. वॉशिंग्टनच्या सिनेटवर प्रत्येक राज्यातून दोन जण सहा वर्षांसाठी जातात. याशिवाय बहुतेक प्रत्येक राज्याचं स्वतःचं वेगळं सिनेट असतं. मेनच्या राज्य सिनेटमध्ये 35 जागा आहेत. बातमी नेमकी कुठल्या सिनेटची आहे ते आधी बघा. आणि आपल्याकडे चाचणीतून "किती जागा" काढतात तसं इथे काही नसतं. एका राज्यात एका वेळी बहुधा एकाच जागेची लढत असते.

"तीनने पुढे" म्हणजे किती पुढे?

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. समजा 600 मतदारांना विचारलं, एकाला 46 टक्के आणि दुसऱ्याला 43. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, त्रुटीची मर्यादा अधिक-उणे 4, म्हणजे खरा आकडा चारने वर किंवा खाली असू शकतो. वाचणारा म्हणतो, फरक तीनचा, मर्यादा चारची, म्हणजे थोडक्यात बरोबरी. पण तो 4 एकेका उमेदवाराच्या आकड्याला लागतो, दोघांमधल्या फरकाला लागत नाही. एकाचा आकडा वर सरकला की दुसऱ्याचा बहुधा खाली येतो, त्यामुळे फरकाची मर्यादा जवळपास दुप्पट होते. या उदाहरणात ती साडेसात येते. म्हणजे तीनची आघाडी प्रत्यक्षात साडेदहाची असू शकते, आणि साडेचारची पिछाडीसुद्धा. त्यामुळे पुढच्या महिन्यात तोच आकडा "एकने मागे" झाला तर वारं फिरलं असं लगेच समजू नका. बऱ्याचदा लोकांचं मत तेच असतं, फक्त विचारलेली माणसं वेगळी असतात.

पोटगटांच्या तक्त्यांत तर हे आणखी वाढतं. 600 जणांच्या नमुन्यात तिशीच्या आतले 70 सापडले, तर त्या 70 जणांच्या आकड्याची मर्यादा जवळपास 12 होते. "तरुणांनी पाठ फिरवली" अशी मोठी बातमी कधीकधी एवढ्याशा आकड्यावर उभी असते.

बेरीज करून बघा

46 आणि 43 मिळून 89. उरलेले 11 कुठे गेले? "अजून ठरलं नाही" म्हणणारे, तिसऱ्याला मत देणारे, उत्तर टाळणारे. 46 विरुद्ध 43 आणि 51 विरुद्ध 48 या दोन्हींत फरक तीनचाच, पण पहिल्यात निवडणूक अजून व्हायची आहे. मेनमध्ये आणखी एक गोष्ट होती. तिथे सिनेटसाठी पसंतीक्रमाचं मतदान होतं. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर दुसऱ्या पसंतीची मतं मोजतात. तिसऱ्या-चौथ्या उमेदवारांना वगळून फक्त दोघांची नावं विचारणारी चाचणी अशा राज्यात अर्धीच गोष्ट सांगते.

ओळखीचं नाव आणि पक्कं मत

लवकरच्या चाचणीत बऱ्याचदा मोजलं जातं ते कोणाचं नाव कानावर पडलंय एवढंच. यातलं आपल्या जवळचं उदाहरण श्री ठाणेदारांचं. बेळगावात वाढलेले ठाणेदार 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, उतरले. स्वतःचा पैसा घालून त्यांनी इतरांच्या आधी टीव्हीवर जाहिराती सुरू केल्या, आणि त्या वसंतात काही चाचण्यांत ते चक्क प्रतिस्पर्धी ग्रेचेन व्हिटमर यांच्याही पुढे दिसले. ऑगस्टमध्ये व्हिटमर सुमारे 52 टक्के मतं मिळवून जिंकल्या, ठाणेदार जेमतेम 18 टक्क्यांवर तिसरे आले. इतरांच्या जाहिराती सुरू झाल्यावर लोकांना बाकीची नावंही कळली. (ठाणेदार नंतर अमेरिकी संसदेचे सदस्य झाले, ही वेगळी आणि कौतुकाची गोष्ट.)

खुर्चीवर असलेल्या उमेदवाराचंही तसंच. व्हर्जिनियात 2014 मध्ये सिनेटर मार्क वॉर्नर सुरुवातीच्या चाचण्यांत दहाहून जास्त टक्क्यांनी पुढे होते. शेवटी जिंकले ते एका टक्क्याहूनही कमी फरकाने.

कोणाला विचारलं, आणि कोण बोललंच नाही

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि नेमका तोच स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही. काही चाचण्या सगळ्या प्रौढांना विचारतात, काही नोंदणीकृत मतदारांना, काही फक्त प्रत्यक्ष मतदान करतील असं वाटणाऱ्यांना. निवडणूक लांब असेल तर बहुधा दुसरा प्रकार असतो. जूनमधली नोंदणीकृत मतदारांची चाचणी आणि ऑक्टोबरमधली "नक्की मत देणाऱ्यांची" चाचणी शेजारी ठेवून "घसरण झाली" म्हणणं चूकच.

पण खरी अडचण न बोलणाऱ्यांची. प्यू या संशोधन संस्थेच्या फोनवरच्या सर्वेक्षणांना 1997 मध्ये 36 टक्के लोक उत्तर देत होते, 2018 मध्ये फक्त 6 टक्के. शंभरातले चौऱ्याण्णव जण हाती लागत नाहीत तेव्हा उरलेले सहा त्यांच्यासारखे आहेत का, यावर सगळं अवलंबून असतं. 2016 मध्ये बऱ्याच राज्यांतल्या चाचण्यांत पदवीधर प्रमाणापेक्षा जास्त आले आणि त्यांच्या उत्तरांचं वजन त्या मानाने कमी करून ते जुळवून घेतलं गेलं नाही. 2020 मध्ये बऱ्याच संस्थांनी शिक्षणाचं प्रमाण जुळवलं, तरी चूक मोठीच राहिली. अमेरिकेतल्या जनमत संशोधकांच्या संघटनेच्या समितीने तपासलं तेव्हा राज्यांतल्या अध्यक्षपदाच्या चाचण्यांमध्ये बायडेन यांची आघाडी सरासरी 4.3 टक्क्यांनी फुगलेली निघाली. शेवटच्या क्षणी लोकांनी मन बदललं, हे कारणही समितीने बाजूला ठेवलं.

म्हणून "दहा चाचण्यांची सरासरी काढली की चुका एकमेकींना खातात" या भरवशावर राहू नका. नशिबाने झालेल्या चुका खातात. एकाच बाजूला कललेल्या चुका सरासरीतही तशाच राहतात. मेनमध्ये नेमकं हेच झालं.

पैसे कोणाचे?

परवा मावसभावाने पुन्हा एक स्क्रीनशॉट पाठवला, "पाचने पुढे". मी म्हटलं, "खालची बारीक ओळ कापलीयस, ती पाठव." दोन दिवसांनी आली. नमुना 500, नोंदणीकृत मतदार, आणि चाचणी त्याच उमेदवाराच्या प्रचारकांनी करून घेतलेली. उमेदवार अशा चाचण्या बऱ्याच करतात, त्यातली सोयीची तेवढी बाहेर येते. शिवाय पसंती विचारण्याआधी त्या उमेदवाराच्या कामाची माहिती वाचून दाखवली होती का, हे प्रश्नावली बघितल्याशिवाय कळत नाही. प्रश्नावली जाहीर केलेलीच नव्हती. ती चाचणी मी मोजणीतच धरली नाही, आणि त्यालाही तसंच सांगितलं.