नेटवर्क रॅकसाठी यूपीएस निवडताना या चुका टाळा

जिन्याखालच्या कोपऱ्यात किंवा जुन्या दप्तराच्या खोलीत भिंतीवर टांगलेला लहानसा रॅक, त्यात एक-दोन नेटवर्क स्विच, राउटर, कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा एनव्हीआर आणि खाली जमिनीवर ठेवलेला यूपीएस, अशी मांडणी आपल्याकडे शाळा, पतसंस्थांच्या शाखा, दवाखाने आणि गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये सर्रास आढळते. या यूपीएसची खरेदी बहुधा संगणकांच्या खरेदीबरोबर, त्याच कोटेशनमधील एका ओळीत उरकलेली असते. टेबलाखालचा यूपीएस हातातली फाइल जतन करून संगणक बंद करण्यापुरता पाच-दहा मिनिटे चालला तरी काम भागते. रॅकमधील कॅमेरे, दाराचे बायोमेट्रिक यंत्र आणि आयपी फोन मात्र नेमके लाइट गेल्यावरच चालू राहावे लागतात. रॅकच्या बॅकअपविषयीच्या बऱ्याचशा तक्रारींचे मूळ यंत्राच्या बिघाडात नसून संगणकाचा हिशेब रॅकला लावण्यात असते.

केव्हीएचा आकडा पाहून केलेली खरेदी

‘एक केव्हीए’ (हजार व्हीए, म्हणजे व्होल्ट-अँपिअर) म्हणजे हजार वॅट, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात पॉवर फॅक्टर (व्हीएच्या किती पट वॅट मिळतात ते प्रमाण) ०.६ असेल तर त्याच यूपीएसवर ६०० वॅट आणि ०.८ असेल तर ८०० वॅट एवढाच भार टाकता येतो. बाजारात मिळणारा ६०० व्हीएचा लहान यूपीएस अनेकदा ३६० वॅटचाच असतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हा आकडा यूपीएस एका वेळी किती भार पेलेल ते सांगतो. तो किती वेळ पेलेल हे बॅटरीवर ठरते. कोटेशनवर ‘बॅकअप ३० मिनिटे’ असे लिहिलेले असल्यास ते किती वॅटच्या भारावर, हे विक्रेत्याकडून लिहूनच घ्यावे.

भार मोजताना सर्वाधिक घोळ पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) स्विचच्या बाबतीत होतो. असा स्विच स्वतःबरोबर कॅमेरे आणि वायफाय देणारे अॅक्सेस पॉइंट यांनाही नेटवर्कच्या केबलमधूनच वीज पुरवतो. जुन्या ८०२.३एएफ मानकानुसार एका पोर्टवर १५.४ वॅटपर्यंत, तर ८०२.३एटीनुसार ३० वॅटपर्यंत वीज देता येते, आणि २४ पोर्टच्या अनेक स्विचची एकूण पीओई क्षमता ३७० वॅटच्या आसपास असते. काहीजण केवळ स्विचचे स्वतःचे ३०-४० वॅट धरतात आणि यूपीएस तोकडा पडतो; काहीजण पूर्ण ३७० वॅट धरून गरजेपेक्षा दुप्पट खर्च करतात. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये असतो आणि तो मोजूनच कळतो.

मोजण्याचा सोपा मार्ग म्हणजे रॅकची मुख्य पिन वॅटमीटरच्या सॉकेटमध्ये लावून आकडा पाहणे. क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा लावून प्रवाह मोजणारा) वापरायचा असेल तर तो अख्ख्या तीन तारांच्या केबलभोवती लावू नये. फेज आणि न्यूट्रलचे प्रवाह एकमेकांना काटतात आणि मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. तो फक्त फेजच्या तारेभोवती लागला पाहिजे, आणि त्यासाठी तारा सुट्या करण्याचे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडे द्यावे. त्या प्रवाहाला व्होल्टेजने गुणल्यावरही व्हीए मिळतात, वॅट नव्हेत. मोजणी शक्यतो अंधार पडल्यावर करावी, कारण कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे तेव्हाच लागतात आणि भार दिवसापेक्षा वाढतो.

बॅटरीचा हिशेब

एक नमुना घेऊ. १२ कॅमेरे प्रत्येकी ७ वॅट, चार अॅक्सेस पॉइंट प्रत्येकी १२ वॅट, स्विचचे स्वतःचे ४० वॅट, पीओई देतानाचा तोटा सुमारे २० वॅट, एनव्हीआर ३० वॅट, राउटर आणि फायबरचा ओएनटी (फायबरवरून येणारे इंटरनेट राउटरला देणारा डबा) मिळून २५ वॅट. एकूण साधारण २५० वॅट. हा रॅक दोन तास चालवायचा तर ५०० वॅट-तास लागतात. यूपीएसमधील रूपांतराची कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास बॅटरीतून ५९० वॅट-तास निघावे लागतात. बॅटरीवर छापलेली अँपिअर-तासांची क्षमता लहान एसएमएफ (पाणी घालावे न लागणाऱ्या सीलबंद) बॅटरीच्या बाबतीत बहुधा २० तासांच्या संथ वापराची असते. दोन तासांत रिकामी केली तर त्यातील पाऊण हिस्साच हाती लागतो, म्हणजे गरज ७८५ वर जाते. वापराने बॅटरी क्षीण होत जाते, त्यासाठी पाचवा हिस्सा राखून ठेवला की हिशेब हजार वॅट-तासांच्या जवळ येऊन थांबतो. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांच्या तीन बॅटऱ्या आत असलेल्या एक केव्हीएच्या यूपीएसमध्ये कागदोपत्री २५२ वॅट-तास असतात आणि या भारावर तो नवा असतानाही अर्ध्या तासाच्या आसपासच टिकतो. त्याच्या ३६ व्होल्टच्या रचनेत २६ अँपिअर-तासांच्या तीन बॅटऱ्या किंचित कमी पडतील. ४२ च्या तीन बॅटऱ्या दोन तास निभावून नेतील.

येथेच पुढची आणि माझ्या मते सर्वांत महागडी चूक होते. हा हिशेब कळलेला ग्राहक आत बॅटरी असलेला स्वस्त यूपीएस घेतो आणि मागून तारा काढून त्याला ४२ अँपिअर-तासांच्या बॅटऱ्या जोडून घेतो. त्या यूपीएसचा चार्जर ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीसाठी बनवलेला, म्हणजे सुमारे एक अँपिअरचा असतो. रिकामी झालेली मोठी बॅटरी त्यावर पूर्ण भरायला निदान दोन दिवस लागतात. जेथे वीज रोज तास-दोन तास जाते तेथे ती कधीच पूर्ण भरत नाही, अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहून तिच्या पट्ट्यांवर सल्फेट साचते आणि वर्षभरात ती मान टाकते. दोष मात्र बॅटरीच्या कंपनीवर येतो. शिवाय आतले ट्रान्सफॉर्मर आणि पंखा काही मिनिटांच्या कामासाठी योजलेले असल्याने असा यूपीएस तासभर चालवल्यावर तापून बंद पडू शकतो. बाहेरच्या बॅटऱ्यांसाठी ‘लाँग बॅकअप’ प्रकारचा, पाच ते आठ अँपिअरच्या चार्जरचाच यूपीएस घ्यावा. लिथियम बॅटरीचा विचार असेल तर यूपीएसच्या उत्पादकाने तिला मान्यता दिली आहे का, हे आधी पाहावे, कारण शिसे-आम्लाच्या बॅटरीचा चार्जर तिला परस्पर लावणे धोक्याचे आहे.

बॅकअपचा वेळ ठरवताना गावाची वीज कशी जाते, हेही पाहावे लागते. मुंबईत वीज क्वचितच जाते, म्हणून तेथे बॅटरीची परीक्षाच होत नाही. १२ ऑक्टोबर २०२० सारखी सकाळ येते, महानगराचा पुरवठा काही तासांसाठी खंडित होतो आणि चार वर्षे हात न लावलेल्या बॅटरीकडून तेव्हा पहिल्यांदा काम मागितले जाते. ग्रामीण भागातील बॅटरी याउलट रोजच्या कामाने आणि अपुऱ्या चार्जिंगने झिजते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडच्या किनारपट्टीवर अनेक गावांना जसा दीर्घकाळ विजेविना काढावा लागला, तशा प्रसंगासाठी बॅटरी वाढवत बसण्यात अर्थ नाही. तेथे जनित्र किंवा सौरऊर्जेचाच विचार करावा लागतो.

घरचा इन्व्हर्टर रॅकला लावणे

हे सर्रास होते आणि काही ठिकाणी चालूनही जाते, म्हणूनच ते फसवे आहे. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर भार आपल्याकडे घेईपर्यंत लागणारा वेळ स्विचचा पॉवर सप्लाय तग धरू शकतो त्यापेक्षा जास्त असेल, तर स्विच पुन्हा सुरू होतो. हा तग साधारण १५ ते २० मिलिसेकंदांचा असतो. पंखा आणि ट्यूबलाइट क्षणभर लुकलुकलेले कोणाच्या लक्षातही येत नाही. स्विच आणि कॅमेरे मात्र पुन्हा उभे राहायला दोन-चार मिनिटे घेतात. इन्व्हर्टर वापरायचाच असेल तर तो साइन वेव्हचा (मुख्य पुरवठ्यासारखीच सुरळीत लहर देणारा) असावा आणि त्याचे बटण यूपीएसच्या स्थितीत ठेवावे. पाणी घालावे लागणारी ट्यूब्युलर बॅटरी रॅकच्या बंद खोलीत ठेवू नये, कारण चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते आणि आम्लाच्या वाफांनी शेजारच्या तांब्याच्या जोडांवर गंज चढतो.

लाइन इंटरअॅक्टिव्ह यूपीएस (एरवी मुख्य पुरवठाच पुढे देणारा आणि लाइट गेल्यावर बॅटरीवर जाणारा) बहुतेक लहान रॅकना पुरेसा असतो. व्होल्टेज सतत वर-खाली होते, जनित्र वारंवार चालते किंवा रॅकमध्ये सर्व्हर आहे, अशा ठिकाणी ऑनलाइन यूपीएसचा खर्च सार्थकी लागतो. मात्र तो अखंड विजेचे रूपांतर करत असल्यामुळे त्याची स्वतःची उष्णता खोलीत भर घालते.

उष्णता

शिसे-आम्लाच्या बॅटरीचे छापील आयुष्य २० किंवा २५ अंश सेल्सिअसला धरलेले असते आणि त्यापुढे तापमान सुमारे दहा अंशांनी वाढले की ते निम्म्यावर येते. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात, पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या, खिडकी नसलेल्या खोलीत तीन वर्षांची बॅटरी दीड वर्षात गेली तर त्यात नवल नाही. झाकण उघडल्यावर बॅटरीच्या बाजू फुगलेल्या, खोबणीत इतक्या घट्ट बसलेल्या की ओढून निघत नाहीत, आणि टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड जमलेली दिसली, तर ती लगेच बदलावी. ती ठोकून किंवा उचकटून काढण्याचा प्रयत्न करू नये. बदलताना सगळ्या बॅटऱ्या एकदम बदलाव्यात, कारण एक जुनी बॅटरी नव्या दोघींनाही आपल्यासारखे करते.

लाइट गेल्यावर काय बिघडते, त्यावरून कारण ओळखा

वायफाय दिसते, पण इंटरनेट नाही: फायबरचा ओएनटी किंवा त्याचा छोटा अॅडॉप्टर भिंतीवरच्या साध्या सॉकेटमध्ये राहिलेला असतो. तोही यूपीएसवर असूनही तक्रार कायम असेल, तर इमारतीत इतरत्र बसवलेल्या सेवादात्याच्या स्विचला बॅकअप आहे का, ते विचारावे. रॅकला चार तासांची बॅटरी आणि जिन्यातल्या पेटीला काहीच नाही, असा प्रकार सोसायट्यांमध्ये बऱ्याचदा आढळतो.

लाइट जाताक्षणी यूपीएस शिटी वाजवून बंद पडतो: भार जास्त आहे किंवा बॅटरी संपली आहे. भार तपासताना त्याच एक्स्टेंशन बोर्डावर लेझर प्रिंटर जोडलेला नाही ना, हे पाहावे. त्याचा तापक क्षणात ८००-१००० वॅट ओढतो.

ऑनलाइन यूपीएस असूनही सगळे एकदम बंद पडते: तो बायपासवर (बॅटरीची साथ न घेता मुख्य पुरवठा थेट पुढे देत) चालू असण्याची शक्यता मोठी आहे. मागच्या खेपेला बॅटरी पूर्ण संपून यूपीएस बंद झाला, वीज आल्यावर त्याने बायपासमधून भार सुरू केला आणि पुढचे बटण कोणी दाबलेच नाही, असे घडते. पॅनेलवरील दिवा पाहावा आणि सेटिंगमध्ये ऑटो रिस्टार्ट असेल तर तो चालू करावा.

जनित्र सुरू झाले तरी यूपीएस बॅटरीवरच राहतो: लहान जनित्राची वारंवारिता भारागणिक ५० हर्ट्झच्या खाली-वर डोलते आणि यूपीएस तो पुरवठा नाकारतो. आधी जनित्राचा गव्हर्नर (इंजिनाचा वेग स्थिर ठेवणारा भाग) ठीक करून घ्यावा, मग यूपीएसची संवेदनशीलता कमी करून पाहावी. पॅनेलवर ‘साइट फॉल्ट’चा (विजेच्या जोडणीत दोष असल्याचा) दिवा लागत असेल, तर जनित्राचा न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला नसणे किंवा फेज-न्यूट्रलची अदलाबदल, या दोन्ही गोष्टी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्याव्यात. महावितरणच्या पुरवठ्यावर हा दिवा विझलेला असेल, तर दोष चेंजओव्हरपासून (मुख्य पुरवठा आणि जनित्र यांत बदल करणाऱ्या खटक्यापासून) जनित्रापर्यंतच्या जोडणीत शोधावा.