कंटेनरमधली तात्पुरती जागा: या चुका टाळा

कुबरनेटीस म्हणजे कंटेनर (आपापल्या बंद कप्प्यात चालणारी ॲप) सांभाळणारी सिस्टिम, आणि ते ज्या मशीनवर चालतात ती नोड. नोडची डिस्क भरली की पहिली मागणी ठरलेली असते: डिस्क वाढवा. वाढवतात, आणि काही दिवसांत तीही भरते. तात्पुरत्या फायली कुठे लिहायच्या, किती होऊ द्यायच्या आणि कुणी पुसायच्या, हे कुणी ठरवलेलंच नसतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ॲप कंटेनरच्या आतच टेंप फोल्डरमध्ये लिहीत राहतं आणि एफिमरल स्टोरेजची, म्हणजे तात्पुरत्या डिस्कची, ना रिक्वेस्ट (किती लागेल ते) असते ना लिमिट (जास्तीत जास्त किती). सीपीयू-मेमरीचे आकडे कुठूनतरी कॉपी केलेले असतात, डिस्कची ओळच नसते. एका क्लायंटकडे पीडीएफ रिपोर्ट बनवणारी सर्व्हिस होती. महिनाअखेरीला रिपोर्टांचा मारा सुरू झाला आणि नोडवरची मोकळी जागा 10 टक्क्यांखाली गेली. नोडवर कंटेनर सांभाळणाऱ्या कुबलेटची, जागा मोकळी करायला लागण्याची डिफॉल्ट मर्यादा हीच. त्याने आधी मेलेले कंटेनर आणि पडून असलेल्या इमेजेस (कंटेनर ज्यांवरून बनतात ते साचे) काढल्या. तरी भागेना, तेव्हा पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचे गट) हाकलायला घेतले, आणि पहिले बाहेर गेले ते शेजारचे, जेमतेम काही एमबी वापरणारे.

हे उगाच झालं नाही. कुबलेट आधी बघतो की रिक्वेस्टपेक्षा जास्त कोण वापरतंय, मग प्रायॉरिटी आणि सगळ्यात शेवटी किती जास्त वापरलं ते. रिक्वेस्ट कुणीच दिली नव्हती, त्यामुळे पहिल्या निकषात सगळेच दोषी. आणि रिपोर्ट सर्व्हिसला ‘फार महत्त्वाची’ म्हणून वरची प्रायॉरिटी दिलेली! चोर सोडून संन्याशाला फाशी.

मग टीमने टेंप फोल्डरवर एम्प्टीडिर (पॉडसाठी बनणारं रिकामं तात्पुरतं फोल्डर) बसवला. दिशा बरोबर होती, पण साइझलिमिट (त्याचा कमाल आकार) नाही आणि भरवसा असा की कंटेनर रीस्टार्ट झाला की सगळं साफ होईल. होत नाही. एम्प्टीडिर पॉडबरोबर जातो, कंटेनरबरोबर नाही. ॲप क्रॅश होत राहिलं आणि प्रत्येक वेळी जुन्या अर्धवट फायलींवर नव्या अर्धवट फायली साचत गेल्या. डॉक्युमेंटेशनच्या पहिल्या परिच्छेदात लिहिलेली गोष्ट आहे ही. पण वाचायला वेळ कुणाला आहे, यॅमल (कॉन्फिगरेशनची फाइल) चाललं की पुरे.

माझ्याकडे ॲप सुरू होताना पहिलं काम म्हणजे स्वतःचं टेंप फोल्डर रिकामं करणं. ‘बंद होताना साफ करू’ यावर माझा काडीचाही विश्वास नाही. एन्ट्रीपॉइंट (कंटेनरची पहिली कमांड) शेलमधून चालवलेला असेल तर सिगटर्म, म्हणजे ‘बंद हो’ हा सिग्नल, बरेचदा ॲपपर्यंत पोचतच नाही. डिफॉल्ट 30 सेकंद वाट बघून कुबलेट सरळ सिगकिल देतो, म्हणजे जागच्या जागी मारतो. तुमचा सुंदर क्लीनअप कोड मग कुणी चालवायचा?

साइझलिमिट मात्र द्याच, पण तिच्यावर विसंबून राहू नका. डिस्कवरच्या एम्प्टीडिरचा वापर कुबलेट अधूनमधून मोजतो आणि मर्यादा ओलांडलेली दिसली की अख्खा पॉड काढतो. भराभर लिहिणारं ॲप दोन मोजण्यांच्या मधे बरंच पुढे गेलेलं असतं. म्हणून नोडवर मी नेहमीच ऐसपैस जागा राखतो.

‘फास्ट होतं’ म्हणून एम्प्टीडिरला मीडियम मेमरी (डिस्कऐवजी रॅम) लावणारे वेगळेच. तिथे लिहिलेली फाइल कंटेनरच्या मेमरी लिमिटमध्ये मोजली जाते. मग 137 कोड (सिगकिलने मेल्याची खूण) देऊन कंटेनर मरतो आणि मंडळी हीपमध्ये, म्हणजे ॲपच्या स्वतःच्या मेमरीत, लीक शोधत बसतात.

बाकीच्या किरकोळ. जॉबला (एकदा चालून संपणाऱ्या कामाला) टीटीएल, म्हणजे संपल्यावर किती वेळाने पुसायचं ते, दिला नाही तर संपलेले पॉड तसेच पडून राहतात. फाइल पुसली, डीयूमध्ये (फायलींचे आकार मोजणारी कमांड) दिसत नाही, पण डीएफमध्ये (डिस्कची मोकळी जागा दाखवणारी) जागा सुटलेली नाही, म्हणजे एखाद्या प्रोसेसने ती अजून उघडी धरली आहे. ती प्रोसेस रीस्टार्ट करा. कुबरनेटीसशिवाय नुसता डॉकर (कंटेनर चालवणारं टूल) असेल तर डिफॉल्ट जेसन-फाइल लॉग आपोआप रोटेट होत नाहीत, मॅक्स-साइझ तुम्हीच द्यायचा.

आणि रोज रात्री सिस्टिम प्रून (डॉकरची नको ते पुसणारी कमांड) मारणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम). तो न सांगता व्हॉल्यूमला (डेटा ठेवायच्या वेगळ्या जागेला) हात लावत नाही, त्यामुळे खरी अडगळ जागच्या जागी राहते. जाते ती बिल्ड कॅशे (आधीच्या बिल्डचे साठवलेले तुकडे), आणि सकाळी पहिलं बिल्ड का रखडलंय म्हणून विचारायला तेच लोक येतात.