हेडलाइटचा झोत घरीच खाली आणला

बंपरचं काम झाल्यापासून रात्री पेठ रोडला समोरचे सारखे डिपर मारायचे. लो बीमच, म्हणजे जवळचा खालचा झोतच, त्यांच्या डोळ्यांत जात होता. शेवटी नाशिकला सोसायटीच्या सपाट पार्किंगमध्ये जमवलं. आधी टायरची हवा बरोबर केली, हेडलाइटचा झोत वर-खाली करायचं लेव्हलचं बटण शून्यावर ठेवलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर भावाला बसवलं. वजनानेही झोत हलतो. जमिनीपासून दिव्याच्या मध्याची उंची ६५ सेंमी भरली. भिंतीपासून ५ मीटरवर गाडी लावून भिंतीवर ६० सेंमीला चिकटपट्टी मारली, म्हणजे मीटरमागे १ सेंमी उतार. एक दिवा झाकायचा आणि दुसऱ्याचा झोत वर-खाली करणारा स्क्रू हळूहळू फिरवायचा, उजेडाची सपाट कड पट्टीवर येईपर्यंत. डावीकडे कड वर चढते, ती तशीच राहू द्या. रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस त्याच उजेडात दिसतो.