मत्स्यसाठ्याची मोजणी आणि मासेमारीचे परवाने : या चुका टाळा

सागरी मासेमारीवर नियंत्रण ठेवणाऱ्या कोणत्याही खात्याचे काम दोन टेबलांवर चालते. एका टेबलावर समुद्रात मासे किती उरले आहेत याचा अंदाज बांधला जातो आणि दुसऱ्या टेबलावर ते कोणी, किती आणि कोणत्या जाळ्याने पकडायचे हे ठरते. माझी बरीचशी नोकरी पहिल्या टेबलावर गेली आणि शेवटची काही वर्षे दुसऱ्यावर. या काळात ज्या चुका दर हंगामात नव्या हस्ताक्षरात माझ्यासमोर आल्या, त्या येथे मांडत आहे. त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी घाई असते. आकड्यांची फाइल हाती पडताच नवा सहकारी आलेख काढायला बसतो आणि तो आकडा बंदरावर कोणी, कधी, कशावरून लिहिला हे विचारायचे राहून जाते.

पकडीच्या दराला साठा समजणे

ही माझी जुनी दुखरी नस आहे, म्हणून तिच्यावर अधिक जागा खर्च करतो. उतरलेल्या मासळीच्या वजनाला मासेमारीच्या श्रमाने, म्हणजे फेऱ्या, दिवस किंवा जाळे ओढण्याचे तास यांनी भागले की पकडीचा दर मिळतो. दर घसरला तर साठा घसरला आणि दर टिकला तर साठा टिकला, हे गृहीतक सोयीचे आहे आणि अनेकदा ते धडधडीत खोटे असते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बंदरातील ट्रॉलरच्या चार वर्षांच्या नोंदी माझ्याकडे आल्या होत्या. दर फेरीमागे उतरणारी मासळी चारही वर्षे जवळपास सारखीच होती. मी ‘साठा स्थिर’ असे लिहून परवाने आहेत तसे चालू ठेवण्याची शिफारस केली आणि आलेखातल्या त्या आडव्या रेघेचा मला थोडा अभिमानही वाटला. अहवाल वर पाठवण्याआधी तो मच्छीमारांसमोर वाचून दाखवण्याची पद्धत होती. त्या बैठकीत एका वयस्कर तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, कागद मागून घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, “साहेब, फेरी म्हणजे तुमच्या हिशेबात किती रात्री?” मला उत्तर देता आले नाही, कारण माझ्या रकान्यात फेऱ्यांची फक्त संख्या होती. ते म्हणाले, “आधी आम्ही संध्याकाळी निघून सकाळी परत यायचो. आता चौथ्या दिवशी येतो. खण भरल्याशिवाय परतलो तर डिझेलचा खर्च सुटत नाही. खण तोच आहे, म्हणून मासळीही तेवढीच दिसते.”

पुढचे काही आठवडे मी त्याच होड्यांच्या बर्फाच्या आणि डिझेलच्या पावत्या चाळल्या. दर फेरीमागे लागणारे दोन्ही वर्षागणिक वाढत गेले होते. जाळे प्रत्यक्षात किती तास पाण्यात होते या हिशेबाने तीच मासळी पुन्हा मांडली, तेव्हा आडवी रेघ उतरणीला लागली आणि चौथ्या वर्षीचा दर पहिल्या वर्षीच्या निम्म्याहूनही कमी निघाला. चार वर्षे मी मोजत होतो ती होडीच्या खणाची क्षमता होती.

या चुकीची सर्वांत महागडी किंमत कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यूफाउंडलंडने मोजली. तेथील नॉर्दर्न कॉड या माशाची पकड 1968 मध्ये सुमारे 8 लाख टनांवर पोहोचली होती. 1977 मध्ये कॅनडाने 200 सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर आपला अधिकार लागू केला, बहुतेक परदेशी जहाजे त्या पट्ट्याबाहेर गेली आणि आता साठा भरून येणारच, असा विश्वास निर्माण झाला. 1980 च्या दशकात मोठ्या ट्रॉलरचा पकडीचा दर चांगला दिसत राहिला. संशोधन जहाजाच्या पाहणीचे आकडे तितके उमेद देणारे नव्हते, आणि किनाऱ्यालगत छोट्या होड्यांवर पोट असलेले मच्छीमार मासा कमी आणि लहान मिळत असल्याची तक्रार करत होते. कॉड थव्याने जमतो. साठा आटला तरी उरलेले मासे मोजक्या जागी गोळा होतात, आणि सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी मासे शोधणारे यंत्र, असलेल्या ट्रॉलरला त्या जागा नेमक्या सापडतात. दशक संपताना फेरमांडणी झाली तेव्हा साठा आधीच्या समजुतीपेक्षा बराच लहान निघाला. 2 जुलै 1992 रोजी मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी बंदी जाहीर केली आणि सुमारे 30 हजार लोकांचे काम गेले. बंदी दोन वर्षांची म्हणून सांगितली गेली होती. मधल्या काळात मर्यादित मासेमारीला मुभा मिळत गेली, पण ही बंदी अधिकृतपणे उठायला 2024 साल उजाडले.

ऑरेंज रफी हा खोल पाण्यातला, शंभर वर्षांहून अधिक जगू शकणारा मासा अंडी घालण्यासाठी समुद्राखालच्या डोंगरांवर जमतो, म्हणून त्याच्या बाबतीत तर पकडीचा दर जवळजवळ शेवटच्या थव्यापर्यंत फसवू शकतो.

माझी सवय आता अशी आहे की आलेख काढण्याआधी मी कागदाच्या माथ्यावर ‘फेरी म्हणजे काय’ हे एका वाक्यात लिहितो आणि ते वाक्य लिहिता आले नाही तर पुढे जात नाही. डिझेल आणि बर्फाच्या पावत्या मागवतो. होडीवर इंजिन, सोनार किंवा जाळे केव्हा बदलले याची तारीख विचारतो, कारण जीपीएस येण्याआधीचा मासेमारीचा एक तास आणि नंतरचा एक तास यांची बेरीज करणे हा शुद्ध गोंधळ आहे. आणि संशोधन जहाजाची पाहणी हाती असेल तर तिचे वजन व्यापारी पकडीच्या आकड्यांपेक्षा जास्त धरतो. त्या पाहणीत दर वर्षी तेच जाळे, तोच वेग आणि चिठ्ठी टाकून निवडल्यासारखी ठिकाणे असतात, जिथे मासा नाही तिथलीसुद्धा. एका उत्साही सहकाऱ्याने ‘उगाच सरासरी खाली ओढतात’ म्हणून शून्य पकडीच्या सगळ्या ओळी पुसून टाकल्या होत्या. त्याला हे समजावताना माझी अख्खी दुपार गेली की मासा कुठे मिळाला नाही, हेच शोधायला आपण ते जहाज पाठवतो.

परवाने मोजून मासेमारी मोजली असे मानणे

दुसऱ्या टेबलावरची ही सर्वांत लाडकी चूक आहे. परवान्यांची संख्या गोठवली की मासेमारीचा भार गोठला, असे समजून फाइल बंद केली जाते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर 1969 पासून सॅमनच्या होड्यांवर परवान्यांची मर्यादा आली. होड्यांची संख्या खरोखरच घटली. मात्र मालकांनी लहान होड्यांचे परवाने एकत्र करून मोठ्या आणि ताकदवान होड्या बांधल्या, आणि टनभारावर बंधन आल्यावर पैसा इंजिनात आणि यंत्रसामग्रीत गेला. परवान्यात लांबी लिहिली तर होडी रुंद होते, रुंदी लिहिली तर इंजिन मोठे होते. म्हणून परवान्यावर मी एकच माप कधीच मान्य करत नाही. लांबी, टनभार, इंजिनाची शक्ती, जाळ्याचा प्रकार आणि आस (जाळ्याच्या भोकाचे माप), हे सगळे एका कागदावर हवे, आणि होडी बदलताना ते पुन्हा तपासायला हवे.

एकूण पकडीवर मर्यादा घातली म्हणजे प्रश्न सुटला, असे म्हणणाऱ्यांनी अलास्कातील हॅलिबट या माशाचा इतिहास पाहावा. मर्यादा पाळली जात होती. पण ती सर्वांची मिळून असल्याने जो आधी पकडेल त्याचा मासा, अशी शर्यत लागली आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य क्षेत्रांतील हंगाम वर्षातून मोजक्या 24-24 तासांवर आला. वादळ असले तरी त्या दिवशी निघावेच लागे. 1995 पासून प्रत्येकाचा वाटा ठरवून दिल्यावर हंगाम सुमारे आठ महिन्यांचा झाला. वाटे ठरवण्याचीही स्वतःची जोखीम असते, कारण वाटा बहुधा जुन्या नोंदींवरून ठरतो आणि ज्यांच्या नोंदी नाहीत ते बाहेर राहतात. न्यूझीलंडने 1986 मध्ये कोटा पद्धत आणली तेव्हा तेथील मूळ रहिवासी माओरींच्या हक्कांचा प्रश्न मिटवलेला नव्हता. दावे न्यायालयात गेले आणि व्यापारी मासेमारीतील हक्कांबाबतचा समझोता 1992 मध्ये झाला.

याच वर्गातली एक चूक मी अगदी जवळून पाहिली आहे. एका कार्यालयाने हंगामाच्या मध्यावर जाहीर केले की पुढच्या वर्षापासून परवाने मर्यादित होतील आणि या वर्षी ज्यांची पकड नोंदलेली असेल त्यांनाच ते मिळतील. त्याच महिन्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, बुडाशी गवत उगवलेल्या होड्यांना रंग लागला, गंजलेली इंजिने दुरुस्तीला गेली आणि वर्षानुवर्षे समुद्रावर न गेलेल्या माणसांच्या नावे पकड नोंदली जाऊ लागली. मर्यादा लागू होण्याआधीच नोंदवही फुगली होती, आणि पुढच्या वर्षी ती फुगलेली संख्या हीच मर्यादा ठरली. पात्रतेची तारीख जाहीर करायची असेल तर ती उलटून गेलेली असावी, येणारी कधीही नसावी. ‘लोकांना पूर्वसूचना नको का’ असा प्रश्न नवे अधिकारी हमखास विचारतात. निर्णयाची पूर्वसूचना जरूर द्यावी, पण पात्रतेचा पुरावा तयार करायला वेळ देऊ नये.

झोपलेल्या परवान्यांचा उल्लेखही येथेच करतो. वापरात नसलेले परवाने यादीत ‘निरुपद्रवी’ म्हणून पडून असतात आणि भाव चढला किंवा हस्तांतराला परवानगी मिळाली की एकदम जागे होतात. नूतनीकरण लॉगबुक, म्हणजे फेऱ्यांची नोंदवही, जमा करण्याशी जोडले, तर त्यांतले बरेच आपोआप गळतात.

क्रेटचा वरचा थर

लांबीचे नमुने घेणारा नवखा माणूस क्रेटच्या वरचे पंचवीस मासे उचलतो, मोजतो आणि मोकळा होतो. वर कोणते मासे रचलेले असतात हे लिलावाला एकदा उभे राहिलेल्या कोणालाही ठाऊक असते. मी क्रेट ताडपत्रीवर पूर्ण उलटा करायला लावतो, मासळी हाताने एकसारखी पसरतो आणि एका कडेपासून ओळीने मोजतो. लिलाववाले कुरकुरतात, त्यांच्याशी आदल्या दिवशी बोलून ठेवावे. तळाच्या थराला एवढे महत्त्व देण्याचे कारण असे की लहान माशांचे प्रमाण हीच अनेकदा पहिली सूचना असते. पेरूमध्ये अँकोव्हीची पकड 1970 मध्ये 1 कोटी 20 लाख टनांच्या वर गेली होती आणि बेसुमार मासेमारीवर 1972-73 चा एल निनो आदळताच ती कोसळली. आज तेथे पकडीत 12 सेंटिमीटरहून लहान मासे 10 टक्क्यांपेक्षा जास्त येऊ लागले की तो पट्टा तात्पुरता बंद करतात. असा नियम वरच्या थरावरून चालवता येत नाही.

काही चुका एका ओळीत

लांबी शेपटीच्या टोकापर्यंत मोजली की शेपटीच्या खाचेपर्यंत, हे न लिहिलेला नमुना मी सरळ बाद करतो.

बंदरावर उतरलेले वजन म्हणजे मेलेले सगळे मासे नव्हेत. समुद्रातच फेकून दिलेली मासळी कोणत्याही लिलावाच्या पावतीत येत नाही, म्हणून काही फेऱ्यांवर तरी निरीक्षक पाठवावा.

जास्तीत जास्त शाश्वत पकडीचा, म्हणजे साठा न घटवता दर वर्षी घेता येईल अशा सर्वांत मोठ्या पकडीचा, आकडा हे गाठायचे लक्ष्य समजू नये. तो आकडा स्वतःच अंदाज असतो, तेव्हा मर्यादा त्याच्या बरीच अलीकडे असावी.

तुलनेसाठी ‘पूर्वीचा’ साठा म्हणून आपण नोकरीला लागलो तेव्हाचा साठा धरण्याची खोड मोडावी. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी 1995 मध्ये नेमके यावर बोट ठेवले होते की प्रत्येक पिढी आपल्या सुरुवातीच्या काळालाच मूळ स्थिती मानते आणि मधली घट कोणाच्याच हिशेबात येत नाही.

ज्या खात्याचे यश उत्पादनवाढीवर मोजले जाते, त्याच खात्याकडून पकडीचे आकडे घ्यायची वेळ आली तर ते दुसऱ्या वाटेने पडताळावेत. चीनने कळवलेली पकड प्रत्यक्षाहून बरीच जास्त असल्याचे 2001 मध्ये रेग वॉटसन आणि पॉली यांनी दाखवले, आणि तिच्यामुळे जगाची एकूण पकड वाढत असल्याचा भास होत होता.

जहाजाच्या मागोव्याचे यंत्र बसवले म्हणून काम संपत नाही, कोणीतरी ते मार्ग रोज पाहायला हवेत. यंत्राचा संकेत बंद क्षेत्राच्या कडेशी थांबून काही तासांनी तिथेच पुन्हा सुरू झाला, तर तांत्रिक बिघाडाचा खुलासा जरूर ऐकून घ्यावा, पण त्या फेरीची मासळी उतरताना बंदरावर स्वतः हजर राहावे.

लॉगबुकात सगळे आकडे 50 आणि 100 च्या पटीत असतील, शाई एकच असेल आणि पाण्याचा एकही डाग नसेल, तर ती वही महिनाअखेरीस एका बैठकीत भरली आहे असे समजावे. अशा वहीवर मी लाल शेरा मारत नाही. तांडेलाला बोलावून चहा देतो आणि त्यातल्या शेवटच्या दोनच फेऱ्या आठवून सांगायला लावतो. तेवढ्या दोन नोंदी ठेवतो आणि बाकीच्या ओळी विश्लेषणातून काढून टाकतो.