बाटली उघडण्याआधी चामडं ओळखा

सांगलीत सोफे साफ करायच्या कामात मला दहा वर्षं झाली. या कामात नव्यानं येणाऱ्या पोरांना माझं पहिलं सांगणं हेच, की बाटली उघडण्याआधी चामडं ओळखा.

गिऱ्हाईक ‘लेदर सोफा’ म्हणून बोलावतं, तिथं बऱ्याचदा रेक्झिन निघतं. कुशनची चेन उघडून उलटी बाजू बघा. कापड दिसलं तर तो नकली माल. मऊ लव हाताला लागली तर चामडं. मग मागच्या बाजूला, नजरेआड, पाण्याचा एक थेंब टाका. थेंब तसाच उभा राहिला तर वर रंगाचा थर आहे, जेमतेम ओल्या फडक्यानं पुसता येतं. जिरून काळपट झाला तर ते उघडं चामडं. नवख्यानं ते काम घेऊ नये, सरळ नाही म्हणावं.

मी हे शिकलो एका हळद व्यापाऱ्याच्या घरी. पांढरट सोफ्याच्या हातावर हळदीची तीन बोटं उमटली होती. मी बिनधास्त कपड्याच्या साबणाचं पाणी फिरवलं आणि ती पिवळी बोटं डोळ्यांदेखत लाल झाली. काकू काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. साबण अल्कधर्मी, आणि हळद अल्कलीत लाल होते. शाळेत हळदीच्या कागदावर हेच केलं होतं! साध्या पाण्याच्या फडक्यानं साबण काढल्यावर लाली उतरली, पिवळा डाग मात्र राहिला. मी पैसे घेतले नाहीत. चामडं मुळात किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून साबण त्याला डागाविनाही बाधतो. त्यासाठी खास लेदर क्लीनरच घ्या, आणि तोही फडक्यावर, थेट सोफ्यावर नाही.

डोकं टेकतं तिथं केसांचं तेल मुरून रंग मऊ पडलेला असतो. जोर लावलात तर रंगच फडक्यावर येईल. चमक यावी म्हणून खोबरेल लावणारी घरंही भेटतील, त्यांना प्रेमानं थांबवा.

पावसाळ्यात बुरशी आली तर सोफा आधी बाहेर ओसरीवर काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, पंख्याखाली वाळवा. उन्हात अजिबात नको, चामडं तडकतं. 2019 च्या पुरानंतर कृष्णेच्या पाण्यात बुडालेले सोफे घेऊन लोक विचारायला आले. वरचं चामडं पुसून दिसायला बरं झालं असतं, पण आतला फोम पुराचं घाण पाणी प्यायलेला. मी एकही काम घेतलं नाही.